ग्राफिक्स कार्डाची नेमणूक : एक प्रशासकीय विवेचन

घरगुती मीडिया सर्व्हर म्हणजे घरातील चित्रपट, मालिका, गाणी, लग्नमुंजींची चित्रीकरणे आणि बारशांपासून एकसष्टीपर्यंतचा सगळा दृक्‌श्राव्य ऐवज एका ठिकाणी साठवून, तो घरातल्या व घराबाहेरच्या पडद्यांना मागणीनुसार पुरवणारा, चोवीस तास चालू असलेला आणि बहुधा निवृत्तीनंतर पुन्हा सेवेत घेतलेला एखादा जुना डेस्कटॉप होय. त्यावर प्लेक्स, एम्बी किंवा जेलीफिन यांपैकी एखादी प्रणाली बसवलेली असते. पैकी जेलीफिनचा जन्म एम्बीने आपला सोर्स कोड खुला ठेवणे थांबवल्यानंतर, डिसेंबर 2018 मध्ये, झालेल्या वाटणीतून झाला. संग्रहातील सर्व चित्रपट स्वतः विकत घेतलेल्या डिस्कवरून उतरवलेले आहेत असे सांगण्याची पद्धत आहे आणि सभ्य समाजात त्यावर उपप्रश्न विचारले जात नाहीत. या विषयाच्या अभ्यासकाला आरंभीच नोंद करावी लागते ती अशी की, सर्व्हर बाळगणाऱ्या गृहस्थाचा चित्रपट पाहण्याशी येणारा संबंध फार थोडा असतो. तो चित्रपट सुरू करतो, निर्मात्यांची नावे संपायच्या आत त्याच्याकडे पाठ फिरवतो आणि शेजारच्या पडद्यावरील आकडे वाचू लागतो. त्या आकड्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो, आणि तो म्हणजे चाललेले काम नेमके कोणते ग्राफिक्स कार्ड करीत आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी ट्रान्सकोडिंग ही संज्ञा आधी स्पष्ट केली पाहिजे. चित्रफीत जशीच्या तशी साठवायची म्हटली तर कोणतीही हार्ड डिस्क पुरी पडणार नाही, म्हणून ती ठरावीक पद्धतीने दाबून साठवतात आणि पाहताना उलगडतात. दाबण्या-उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक असे म्हणतात. 2003 मध्ये एच.264, 2013 मध्ये एचईव्हीसी आणि 2018 मध्ये एव्ही1 अशा क्रमाने हे कोडेक आले, आणि यांतील प्रत्येकाने आधीच्यापेक्षा कमी जागेत तेवढेच चांगले चित्र बसवून दाखवले व त्याच वेळी तोवर विकल्या गेलेल्या बहुतेक टीव्हींना निरक्षर ठरवले. पाहणाऱ्याच्या टीव्हीला फाइलमधील कोडेक वाचता येत असेल तर सर्व्हर ती फाइल तशीच धाडतो, त्याला डायरेक्ट प्ले म्हणतात. आतला मजकूर वाचता येतो पण वरचे वेष्टन ओळखीचे नाही अशी स्थिती असेल तर केवळ वेष्टन बदलले जाते, त्याला डायरेक्ट स्ट्रीम म्हणतात. आणि मजकूरच वाचता येत नसेल, किंवा वाटेतली इंटरनेटची जोडणी तो पेलू शकत नसेल, तर सर्व्हर संपूर्ण चित्रफीत उलगडून, दुसऱ्या कोडेकमध्ये व बहुधा लहान आकारात दाबून, चित्रपट सुरू असतानाच पुढे सरकवत राहतो. हेच ट्रान्सकोडिंग.

हे काम किती मोठे आहे याची कल्पना साध्या गुणाकारावरून येते. 4के चित्राच्या एका फ्रेममध्ये 3840 गुणिले 2160, म्हणजे 82,94,400 ठिपके असतात, आणि चित्रपटात सेकंदाला 24 फ्रेम असल्याने दर सेकंदाला 19 कोटी 90 लाखांहून अधिक ठिपके उलगडावे लागतात, मग त्या सेकंदात नायक नुसता खिडकीबाहेर पाहत उभा असला तरी त्यात सवलत मिळत नाही. हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला करता येते, परंतु ते करताना त्याचा पंखा असा काही फिरू लागतो की शेजारच्या खोलीतील मंडळी कुकर उतरवायला उठतात. म्हणून चिप बनवणाऱ्यांनी ग्राफिक्सच्या चिपमध्ये केवळ व्हिडिओ उलगडण्या-दाबण्यासाठी एक वेगळा, लहानसा आणि दुसरे काहीही न येणारा भाग घालण्यास सुरुवात केली. इंटेलने 2011 मध्ये त्याला क्विक सिंक हे नाव दिले, तर एनव्हिडियाने 2012 मध्ये दाबणाऱ्या भागाला एनव्हेंक म्हटले. त्या भागाला कविता कळत नाही, गेम खेळता येत नाही, पण ठिपक्यांचे काम तो मुकाट्याने आणि थोड्या विजेत उरकतो.

येथेच पहिला सार्वत्रिक गैरसमज उभा राहतो. कार्ड जितके महाग, अंगावर जितके पंखे अधिक आणि पंख्यांत जितके रंगीत दिवे, तितके ते ट्रान्सकोडिंगला उत्तम, असे सामान्यतः मानले जाते. वास्तविक एकाच पिढीतील स्वस्त आणि महाग कार्डांत हा भाग पुष्कळदा एकाच आवृत्तीचा असतो, आणि गेममधील धूर, पाणी व स्फोट रंगवणारी अवाढव्य यंत्रणा परगावच्या एखाद्या मावशीच्या टीव्हीसाठी चित्रपट दाबताना जवळजवळ रिकामीच बसते. उलट काही कार्डांत हा भाग अर्धाच असतो. एनव्हिडियाच्या जीटी 1030 या कार्डाला व्हिडिओ उलगडता येतो पण दाबता येत नाही, आणि एएमडीच्या आरएक्स 6400 ची गतही तीच. तेव्हा केवळ ट्रान्सकोडिंगसाठी म्हणून स्वस्तात असे कार्ड घेणाऱ्या गृहस्थाला, काम अर्ध्यावर आणून ठेवणारा आणि उरलेले अर्धे पुन्हा प्रोसेसरच्या टेबलावर सरकवणारा एक नवा कर्मचारी मिळतो.

कोणते कार्ड हा प्रश्न पडण्यासाठी यंत्रात एकाहून अधिक कार्डे असावी लागतात, आणि ती बहुधा असतातच. पहिले प्रोसेसरच्या पोटात आलेले असते, त्याला इंटिग्रेटेड म्हणतात, ते कोणी मागितलेले नसते आणि म्हणून त्याला मानही नसतो. दुसरे वेगळे विकत घेऊन खाचेत बसवलेले असते. त्याच्या खरेदीचे कारण घरात मुलाचा अभ्यास असे नोंदवलेले असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर एफ हे अक्षर असते त्यांत पहिले कार्ड वापरातच नसते, आणि थोडे पैसे वाचवण्यासाठी तो प्रोसेसर घेतलेल्या गृहस्थाला त्या एका अक्षराची किंमत दोन वर्षांनी सर्व्हर उभारताना समजते. ज्यांच्याकडे दोन्ही कार्डे आहेत त्यांच्यापुढे मात्र शासकीय कचेरीत नित्य उद्‌भवणारा प्रसंग उभा राहतो, तो म्हणजे काम एक, माणसे दोन आणि आदेशात नाव कोणाचेच नाही. ग्राफिक्स कार्डाच्या नेमणुकीचा पुढील सगळा व्यवहार कचेरीतील कार्यवाटपाच्याच नियमांनी चालतो आणि त्याच नियमांनी फसतो, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

मूळ व्यवस्था ऑटो या नावाची असते. प्लेक्सच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंग डिव्हाइस अशी एक यादी उघडते आणि तिच्यात सर्वांत वर ऑटो हा पर्याय असतो; त्याचा अर्थ असा की, समोर जो दिसेल त्याला प्रणाली काम देईल. बहुतेकांचे यात काहीही अडत नाही, आणि नेमके हेच सर्व्हरधारकाला सहन होत नाही. आपण दोन कार्डे बाळगून आहोत आणि त्यांतले कोणते राबते आहे हे यंत्र परस्पर ठरवते, ही जाणीव त्याला रात्री झोपू देत नाही. (जेलीफिनमध्ये कार्डाशी बोलण्यासाठी व्हीए-एपीआयसारखी पद्धत निवडल्यास कार्डाचा पत्ता लिहिण्यासाठी एक मोकळी चौकटच मिळते, आणि त्या चौकटीत काय लिहावे हे ठाऊक असलेला मनुष्य आपल्या मित्रमंडळींत वेगळ्या खुर्चीवर बसतो.)

नेमणुकीपूर्वी उमेदवारांचे दावे तपासले जातात. इंटिग्रेटेड कार्डाच्या बाजूने असे सांगितले जाते की ते थोड्या विजेत भागवते, तर वेगळे कार्ड काहीही न करता बसले तरी काही वॅट घेतच असते. आणि हा फरक 20 वॅटचा धरला तर वर्षाच्या 8760 तासांत तो 175 युनिटांवर जातो. हा हिशेब सर्व्हरधारक मोठ्या तळमळीने मांडतो, फक्त त्याच खोलीत त्याच कामासाठी चालू असलेल्या सहा हार्ड डिस्क, दोन स्विच आणि एक यूपीएस यांचा उल्लेख तो त्यात करीत नाही. वेगळ्या कार्डाच्या विरोधात दुसरा मुद्दा असा की एनव्हिडियाच्या जीफोर्स जातीच्या कार्डांना एका वेळी किती चित्रफिती दाबता येतील यावर मर्यादा आहे. ही मर्यादा प्रारंभी दोनची होती, नंतर तीनची झाली, 2023 मध्ये पाचची आणि 2024 मध्ये आठची झाली. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की यासाठी कार्डातील एक स्क्रूही बदलावा लागला नाही, केवळ ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यात निरोप पोचवणाऱ्या प्रणालीची, नवी आवृत्ती आली आणि इतकी वर्षे दोनच फायली उचलणाऱ्या त्याच कर्मचाऱ्याची क्षमता परिपत्रकाद्वारे चौपट झाली. वेगळ्या कार्डाच्या बाजूचा दावा मात्र एकच असतो, पण तो निरुत्तर करणारा असतो : त्यासाठी पैसे मोजलेले आहेत.

निर्णय झाल्यावर प्रत्यक्ष आदेश काढण्याची वेळ येते आणि खरी गुंतागुंत तेथून सुरू होते. लिनक्स या कार्यप्रणालीत प्रत्येक कार्ड डेव्ह या फोल्डरातील डीआरआय या उपफोल्डरात एका विशेष फाइलच्या रूपाने हजर असते, आणि पडद्याशी संबंध न ठेवता नुसते काम करून घेण्यासाठी जे दार असते त्याला रेंडरडी128 असे नाव असते. पहिल्याच दाराला 128 हा क्रमांक पाहून नवख्याला आधीची 127 कार्डे कोठे गेली असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर इतकेच की शून्यापासूनचे क्रमांक पडद्याला चित्र पुरवणाऱ्या मुख्य दारांसाठी आणि 64 पासूनचे क्रमांक नियंत्रणाच्या दारांसाठी राखून ठेवण्यात आले होते. पुढे नियंत्रणाची दारे वापरातूनच गेली, पण त्यांच्या राखीव जागा कागदोपत्री तशाच राहिल्या. दुसऱ्या कार्डाला रेंडरडी129 मिळते. सर्व्हरधारक दोन्ही दारे पाहतो, इंटिग्रेटेड कार्ड 128 वर आहे याची खात्री करतो, तो क्रमांक सेटिंगमध्ये लिहितो, चित्रपट लावून पाहतो, समाधान पावतो आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो.

पुन्हा सुरू केल्यावर 128 वर दुसरेच कार्ड बसलेले असू शकते. याचे कारण हे क्रमांक कार्डाच्या गुणावर किंवा मालकाच्या इच्छेवर नव्हे, तर कोणाचा ड्रायव्हर आधी जागा झाला यावर ठरतात; जो सकाळी आधी येईल त्याने पहिली खुर्ची घ्यावी, असा तो नियम आहे. आदेश खुर्चीच्या नावाने काढलेला असल्याने, खुर्चीवर जो असेल त्याच्याकडे काम जाते, आणि एनव्हिडियाच्या कार्डाला इंटेलच्या भाषेतील फाइल दिली गेली की ते तिच्याकडे पाहतही नाही. यावरील उपाय म्हणजे नेमणूक खुर्चीच्या नव्हे तर कायमच्या पत्त्याच्या नावाने करणे. त्याच फोल्डरात बाय-पाथ नावाचा आणखी एक कप्पा असतो आणि त्यात प्रत्येक कार्ड मदरबोर्डवरील आपल्या जागेनुसार नोंदलेले असते; इंटेलच्या इंटिग्रेटेड कार्डाचा पत्ता बहुधा 0000:00:02.0 असा असतो आणि तो सहसा ढळत नाही. वेगळ्या कार्डाचे तसे नाही. मधल्या खाचेत एक नवी एसएसडी बसवली तर काही यंत्रांत पुढच्या सगळ्यांचे पत्ते एकेक घर सरकतात, आणि कायमचा म्हणून लिहून दिलेला पत्ता भाडेकरूचा निघतो.

दोन्ही कार्डे एनव्हिडियाची असतील तर वाद वेगळ्या पातळीवर जातो, कारण तेथे कार्डांना क्रमांक देण्याच्या दोन पद्धती एकाच छपराखाली नांदतात. एनव्हिडिया-एसएमआय हे तपासणीचे साधन कार्डांची यादी मदरबोर्डवरील जागेच्या क्रमाने देते, तर कूडा ही गणनेची प्रणाली, वेगळे काही सांगितले नसेल तर, सर्वांत वेगवान कार्डाला शून्य क्रमांक देते. म्हणजे एक ज्येष्ठता यादी सेवेच्या जागेवर आधारलेली आणि दुसरी गुणवत्तेवर. आणि ज्या कोणत्याही कार्यालयात या दोन याद्या एकाच वेळी लागू असतात तेथे काय होते हे सांगण्याची गरज नाही. सर्व्हरधारक एका यादीत पाहून एक क्रमांकाच्या कार्डाला काम देतो आणि दुसऱ्या यादीनुसार ते शून्य क्रमांकाच्या कार्डाने करून टाकलेले असते. शेवटी प्रत्येक कार्डाला कारखान्यातून मिळालेला, अक्षरे आणि आकडे यांची लांबलचक मालिका असलेला यूयूआयडी नावाचा ओळखक्रमांक लिहावा लागतो. तो कोणालाही पाठ होत नाही, पण तो बदलतही नाही.

पत्ता बरोबर लिहिल्याने काम होईल असे मानणाऱ्याने कचेरी पाहिलेली नाही. लिनक्समध्ये रेंडरडी128 हे दार उघडण्याचा अधिकार बहुधा रेंडर नावाच्या एका गटाला असतो, आणि मीडिया सर्व्हर ज्या नावाने चालतो ते नाव त्या गटात नसेल तर कार्ड समोर असते, पत्ता बरोबर असतो, ड्रायव्हर जागा असतो आणि तरीही उत्तर परवानगी नाही असे येते. त्यातच हल्ली सर्व्हर डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे मूळ यंत्रापासून अलग ठेवलेल्या एका बंदिस्त खोलीत, चालवण्याची रीत आहे. त्या खोलीत बाहेरचे कार्ड आपोआप दिसत नाही, ते नाव घेऊन आत सोडावे लागते. आत सोडताना त्याला वेगळे नावही देता येते, त्यामुळे बाहेर 129 असलेले कार्ड आत 128 म्हणून वावरू शकते. परवानगी तपासताना मात्र प्रणाली गटाचे नाव पाहत नाही, गटाचा क्रमांक पाहते, आणि रेंडर गटाचा क्रमांक लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांत वेगवेगळा असतो. परिणामी आतल्या खोलीतील रेंडर गट आणि बाहेरचा रेंडर गट ही नावाने एक आणि क्रमांकाने भिन्न अशी दोन खाती ठरतात, आणि एका खात्याची सही दुसऱ्या खात्यात चालत नाही. अशा वेळी अनेक गृहस्थ संतापून तो दरवाजा सर्वांसाठी खुला करून टाकतात. काम तत्काळ सुरू होते, आणि पुढच्या रीस्टार्टला प्रणाली तो पुन्हा शांतपणे लावून घेते.

विंडोजवर पत्ते आणि गट यांचा जाच कमी असतो, त्याऐवजी तेथे हजेरीचा प्रश्न असतो. वेगळे कार्ड खाचेत बसवले की अनेक मदरबोर्ड इंटिग्रेटेड कार्डाला परस्पर सक्तीच्या रजेवर पाठवतात, आणि त्याला परत बोलावण्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर यासारखा पर्याय शोधावा लागतो. इतके करूनही काही यंत्रांत मॉनिटर जोडलेला नसलेले कार्ड कामाला उभे राहत नाही, आणि सर्व्हरला तर मॉनिटर नसतोच, तो माळ्यावर किंवा बुटांच्या कपाटावर असतो. यासाठी बाजारात अंगठ्याएवढा एचडीएमआय डमी प्लग मिळतो. तो कार्डाच्या मागच्या भोकात खुपसला की आपल्याला एक मॉनिटर जोडलेला आहे आणि कोणीतरी आपल्याकडे पाहते आहे असा कार्डाचा समज होतो व ते कामाला लागते. साहेब केबिनमध्ये नसतानाही केबिनचा दिवा लावून ठेवण्याचा जो उपाय कचेऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तो अभियंत्यांनी एका प्लगमध्ये बसवला आहे.

नेमणूक झाली, कार्ड रुजू झाले, तरी काम तेच करते आहे याचा पुरावा हवा असतो. प्लेक्सच्या डॅशबोर्डवर चालू चित्रपटापुढे कंसात एचडब्ल्यू ही दोन अक्षरे उमटली तर काम हार्डवेअरकडून होत आहे असे समजतात. ही अक्षरे पाहण्यासाठी सर्व्हरधारक ज्या निष्ठेने बसतो तितक्या निष्ठेने त्याने चित्रपट पाहिला असता तर संग्रह केव्हाच संपला असता. परंतु ही अक्षरे काम हार्डवेअरने केले इतकेच सांगतात, कोणत्या हार्डवेअरने ते सांगत नाहीत. म्हणून विंडोजवर टास्क मॅनेजर उघडला जातो आणि तेथे नेमलेल्या कार्डाचा थ्रीडी या नावाचा आलेख पाहिला जातो, जो बहुधा जमिनीला चिकटलेला असतो, कारण ट्रान्सकोडिंगचे मुख्य काम थ्रीडीत होतच नाही. आलेखाच्या नावाशेजारचा बारीक बाण दाबून व्हिडिओ एन्कोड हा आलेख निवडावा लागतो, हे कळेपर्यंत ड्रायव्हर दोन वेळा काढून पुन्हा टाकलेला असतो. बरोबर आलेख सापडल्यावर नवे संकट उभे राहते. सर्व्हर पुढच्या काही काळाचा चित्रपट वेगाने तयार करून ठेवतो आणि मग थांबतो, प्लेक्समध्ये हा साठा मुळात 60 सेकंदांचा असतो. त्यामुळे आलेख एकदम उसळतो, शून्यावर येतो आणि पुन्हा उसळतो, आणि मिनिटभराचे काम हातावेगळे करून हाताची घडी घालून बसलेला कर्मचारी पाहण्याची सवय नसलेल्या सर्व्हरधारकाला कार्ड मेले असे वाटते.

याउलट काही बाबतींत काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही आणि तेच अधिक घातक असते. नेमलेल्या कार्डाने नकार दिला तर जेलीफिन बहुधा चित्रपट चालत नाही असे तोंडावर सांगून मोकळे होते. प्लेक्स मात्र वाच्यता न करता ते काम प्रोसेसरकडे वळवते. चित्रपट चालतो, मावशी खूश असते, आणि आदेशात ज्याचे नाव नाही असा एक कर्मचारी आतल्या खोलीत घाम गाळत असतो. शिवाय काही कामे कार्डाकडे मुळात जातच नाहीत. आवाजाचे रूपांतर प्रोसेसरच करतो, त्यामुळे प्रोसेसरच्या वापराचा आकडा शून्यावर कधी येत नाही व सर्व्हरधारकाला त्यात फितुरीचा वास येतो. सबटायटलचे प्रकरण तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. ब्लू-रे डिस्कवरील सबटायटले अक्षरांच्या नव्हे तर चित्रांच्या रूपात असतात, ज्या टीव्हीला ती वेगळी दाखवता येत नाहीत त्याच्यासाठी ती प्रत्येक फ्रेमवर छापावी लागतात, आणि केवळ तेवढ्यासाठी एरवी जसाच्या तसा गेला असता असा चित्रपट संपूर्ण उलगडून दाबावा लागतो. मराठी घरात यात आणखी एक भर पडते. सबटायटले देवनागरीत असली, ती चित्रावर छापायची ठरली आणि सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसला तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. म्हणजे योग्य कार्ड, योग्य पत्त्यावर, योग्य परवानगीने, संवादाच्या ओळीगणिक अत्यंत सुबक चौकोन पुरवीत राहते, आणि डॅशबोर्डवर एचडब्ल्यू ही अक्षरे झळकत असतात.

या साऱ्या व्यवस्थेचा लाभार्थी जो प्रेक्षक, त्याला यातले काहीही माहीत नसते. सर्व्हर पुण्यात आणि मावशी सांगलीत अशी सर्वसाधारण मांडणी धरली, तर मावशीच्या तक्रारीचे स्वरूप "अरे, तुझा तो सिनेमा नुसता गोल गोल फिरतोय" याहून अधिक तांत्रिक नसते. सर्व्हरधारक तेवढ्यावरून पत्ते, गट, कंटेनर आणि ड्रायव्हर यांची साद्यंत चौकशी करतो, आणि अखेरीस असे निष्पन्न होते की मावशीच्या टीव्हीला एचईव्हीसी उत्तम कळते, सांगलीतील फायबर जोडणीही पुरेशी आहे, फक्त टीव्हीवरील अॅपमध्ये बाहेरगावच्या जोडणीसाठी दर्जा मुळातच खाली ठेवलेला आहे, म्हणून चांगला चित्रपट उगाच उलगडून लहान केला जातो आहे. मग "मावशी, सेटिंगमध्ये जा, क्वालिटी दिसते ना, तिथे ओरिजिनल कर" आणि "थांब रे बाबा, चष्मा आणते" असा संवाद होऊन तो दर्जा वर चढवला जातो, आणि त्या क्षणापासून चित्रपट जसाच्या तसा सांगलीला जाऊ लागतो. ट्रान्सकोडिंगच्या शास्त्रातील निर्विवाद सिद्धान्त असा आहे की सर्वोत्तम ट्रान्सकोडिंग म्हणजे न करावे लागलेले ट्रान्सकोडिंग. त्यात वीज लागत नाही, चित्राचा दर्जा घटत नाही आणि कार्ड कोणते हा प्रश्नच उरत नाही.

सर्व्हरधारकाच्या दृष्टीने मात्र ही आपत्ती असते. पद मंजूर आहे, नेमणूक कायम पत्त्यावर झालेली आहे, परवानग्या आहेत, हजेरी लागते आहे, आणि काम नाही. काही दिवस तो स्वतःच्या फोनवर, सर्व्हरपासून चार हातांवर बसून, वायफाय उत्तम असताना, मुद्दाम दर्जा खाली आणून चित्रपट लावतो व एचडब्ल्यू ही अक्षरे पाहून मनाची समजूत घालतो. पण कोणतेही खाते फार काळ रिकामे राहत नाही, ते स्वतःसाठी काम निर्माण करते. संग्रह फार वाढला आहे आणि डिस्क भरत आल्या आहेत, तेव्हा टीडारसारख्या प्रणालीकडून सगळे चित्रपट एव्ही1 मध्ये दाबून घेतल्यास पुष्कळ जागा वाचेल, असा विचार एका रात्री त्याच्या मनात येतो. जुन्या दोन्ही कार्डांना एव्ही1 मध्ये दाबता येत नाही, म्हणून 2022 मध्ये आलेले, ते काम स्वस्तात करणारे इंटेलचे आर्क ए380 हे तिसरे कार्ड मागवले जाते. ते आठवडे राबून सर्व संग्रह एव्ही1 मध्ये आणते. वाचलेल्या जागेच्या किमतीची कार्डाच्या किमतीशी तुलना केली जात नाही. आणि मग सांगलीहून फोन येतो, कारण मावशीच्या टीव्हीला एचईव्हीसी कळते, एव्ही1 कळत नाही. आता तिने लावलेला प्रत्येक चित्रपट उलगडून पुन्हा जुन्या कोडेकमध्ये दाबावाच लागणार असतो, रोज, कायम, कोणत्याही सेटिंगने न टळता. प्रशासकीय परिभाषेत सांगायचे तर तात्पुरते पद या ठिकाणी कायम होते, आणि त्या पदावर नव्या कार्डाची रीतसर नेमणूक करण्यासाठी सर्व्हरधारक डीआरआय फोल्डर उघडतो, तेव्हा ते त्याला रेंडरडी130 या क्रमांकावर सापडते, निदान पुढच्या रीस्टार्टपर्यंत.